वाळवणाच्या किसापासून कांद्याच्या रिंगांपर्यंत

१५ डिसेंबर २०२४ ला, रविवारी, आमच्या भागातल्या आनंद मेळाव्यात आम्ही तिघींनी कांद्याच्या रिंगांचा स्टॉल लावला. मैदा आणि कॉर्नफ्लोअर न वापरता, वाळवणाच्या बटाट्याच्या किसाचं पीठ आणि त्याच बटाट्याचं सत्त्व (स्टार्च) घालून. तयारी एप्रिलपासूनची, कारण पीठ उन्हाळ्यातच करून ठेवावं लागतं. असा स्टॉल लावायचं कुणाच्या मनात असेल तर पीठ कसं करायचं, नोंदणीला काय लागतं, कुठे काय बिघडतं आणि पैसे कशात जातात ते क्रमाने लिहिते.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात बटाटा तीस रुपये किलो होता. सात किलो घेतला. बटाटा नव्या हंगामाचा, जाड सालीचा आणि हाताला कडक लागणारा हवा. पुढे पावसाळ्यात मिळतो तो बहुतेक शीतगृहातला. गारठ्यात बटाट्यातल्या सत्त्वाची साखर होते आणि अशा बटाट्याचं काहीही तळलं की आतून शिजायच्या आधी वरून काळपट पडतं. बटाटेवड्याच्या भाजीत हे कळून येत नाही, पण तळणीच्या पिठात लगेच कळतं. हिरवट झालेले बटाटे बाजूला काढायचे.

पाच किलोचा कीस केला आणि दोन किलो फक्त सत्त्वासाठी ठेवला. उकडून थेट प्लास्टिकवर किसायची पद्धत सोपी आहे, पण इथे ती चालत नाही, कारण तिच्यात सत्त्व वेगळं निघत नाही. कच्चा बटाटा सोलून पाण्यातच किसायचा, म्हणजे लाल पडत नाही. कीस तीन पाण्यांतून काढायचा. ही पाणी ओतून द्यायची नाहीत, एका मोठ्या पातेल्यात एकत्र करायची. धुण्याने किसातली साखरही बरीच निघून जाते, त्यामुळे पुढे पिठाला तळताना रंग हळू चढतो. मग मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, मीठ घालायचं, तुरटीचा खडा दोन-तीन वेळा फिरवायचा आणि कीस त्यात तीन-चार मिनिटं ठेवायचा. पांढरा कीस काचेसारखा दिसायला लागला की चाळणीत उपसायचा. हे उकळणं मन लावून करा. कीस अर्धवट राहिला तर पीठ पाणी धरत नाही, आणि पाणी धरण्यासाठीच तर ते घालायचं आहे.

कडक उन्हात दोन दिवसांत कीस खडखडीत वाळतो. पाच किलोचा जेमतेम सव्वासहाशे ग्रॅम भरला. बटाट्यात पाणीच फार, त्यामुळे आकडा ऐकून दचकू नका.

दुसरीकडे दोन किलो बटाटा भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढला, पातळ फडक्यातून पिळला आणि ते पाणी कीस धुतलेल्या पाण्यात मिसळलं. दोन तास पातेलं हलवायचं नाही. वरचं तांबूस पाणी अलगद ओतलं की तळाशी पांढरं सत्त्व घट्ट बसलेलं असतं, इतकं की बोट सहज जात नाही. त्यात स्वच्छ पाणी घालून ढवळायचं, पुन्हा बसू द्यायचं, असं दोनदा. नंतर ताटात पसरून सावलीत, पंख्याखाली वाळवायचं. ओलसर असताना कडक उन्हात ठेवलं तर कडेने चिकट पापुद्रा धरतो. वाळलेलं सत्त्व चिमटीत दाबलं की करकर वाजतं. आम्हाला सगळं मिळून तीनशे ग्रॅम मिळालं. फडक्यातला चोथा त्याच दिवशी थालीपिठात घातला, तो टिकत नाही.

कीस दळताना घाई नको. दळायच्या दिवशी तासभर पुन्हा उन्हात ठेवायचा आणि निवू द्यायचा. चटणीच्या कोरड्या भांड्यात थोडा थोडा घालून मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. सलग फिरवला की भांडं तापतं, झाकणाला वाफ धरते आणि पिठाच्या गोळ्या होतात. मैद्याच्या चाळणीने चाळायचं आणि वरचा रवा पुन्हा दळायचा. हा रवा तसाच राहिला तर तो सावकाश भिजतो. मिश्रण सैल वाटतं म्हणून आपण पीठ वाढवतो, दहा मिनिटांनी सगळंच गोळा होतं, आणि तळताना दाताखाली कचकच येते ती वेगळी. साडेपाचशे ग्रॅम बारीक पीठ डब्यात भरलं. पावसाळ्यात डबा वरचेवर उघडला नाही तर आठ महिने व्यवस्थित राहतं.

आता मुद्द्याचं. किसाचं पीठ आणि सत्त्व दोन्ही बटाट्याचीच, पण कढईत त्यांचं वागणं अगदी उलटं. पीठ आधीच शिजलेलं असल्याने गार पाणीही लगेच पितं आणि चिकट होतं. सत्त्व कच्चं असतं. ते गार पाण्यात विरघळत नाही, दोन मिनिटांत तळाला जाऊन बसतं. साठ अंशांच्या वर पाणी तापलं की मगच फुगतं आणि तेलात त्यातलं पाणी उडालं की कडक, ठिसूळ कवच होतं. नुसत्या पिठाचं आवरण मऊ, चिवट होतं आणि लवकर लाल पडतं. नुसत्या सत्त्वाचं कुरकुरीत होतं, पण कांद्यावर टिकत नाही, आणि पहिल्या चार रिंगांना पाणी तर शेवटच्या चारांना दगड लागतो. दोन्ही एकत्र केली की पीठ सत्त्वाला अधांतरी धरून ठेवतं. बाजारात ‘बटाट्याचं पीठ’ मागितलं की कधी हे हाती येतं, कधी ते. पांढरंशुभ्र आणि करकरणारं असेल तर सत्त्व. पिवळसर आणि उकडलेल्या बटाट्याचा वास येणारं असेल तर पीठ.

अर्धा किलो कांद्याला (तीन मोठे कांदे) आम्ही हे प्रमाण ठरवलं: किसाचं पीठ ४० ग्रॅम, सत्त्व ६० ग्रॅम, तांदळाची पिठी ४० ग्रॅम, मीठ पाऊण चमचा, मिरपूड पाव चमचा, कडकडीत तेल एक चमचा आणि फ्रिजमधलं गार पाणी २३० मिलिलिटर. कोरडं सगळं आधी हाताने एकजीव करायचं, नाहीतर किसाचं पीठ पाणी दिसताच गुठळी धरतं. पाणी घालून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. नंतर पळीतून सोडल्यावर फितीसारखी सलग धार पडली पाहिजे. धार तुटक पडली तर चमचा-चमचा पाणी, एकूण २६० पर्यंत. मोहन सगळ्यात शेवटी.

सोडा घातलेला नाही. भज्यांच्या सवयीने हात तिकडे जातोच, पण सोड्याने रंग फार पटकन चढतो आणि तेलही जास्त शोषलं जातं. हळद आणि तिखट पिठात घातलं तर तेही आधी करपतं. चाट मसाला वरून भुरभुरवलेला बरा. तांदळाची पिठी काढून टाकून पाहिली तर चालतं, फक्त कुरकुरीतपणा दहा मिनिटांऐवजी पाचच मिनिटं टिकतो.

दिवाळी झाल्यावर कागदपत्रांना लागलो. एका दिवसाच्या स्टॉललाही अन्नसुरक्षा नोंदणी लागते, हे मेळाव्याच्या नियमावलीतच लिहिलं होतं. तेव्हा, २०२४ मध्ये, वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर परवाना नव्हे, नुसती नोंदणी लागायची. फी वर्षाला १०० रुपये होती आणि एक ते पाच वर्षांसाठी करता यायची. आम्ही एका वर्षासाठी केली. ४ नोव्हेंबरला एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) फॉसकॉस या संकेतस्थळावर अर्ज भरला. फोटो, ओळखपत्र, पत्ता आणि व्यवसायाचा प्रकार, इतकंच. अडखळायला होतं ते व्यवसायाच्या प्रकारापाशी. यादी लांबलचक आहे आणि नजर आधी उत्पादकाच्या रकान्यावर पडते. आपण बनवतो म्हणून आपण उत्पादक, असं वाटणं साहजिक आहे. पण जागेवर बनवून लगेच खायला देणाऱ्यांचे रकाने वेगळे आहेत, स्टॉलवाल्यांनी तिथे जायचं. घरचा पत्ता ओळखपत्रावरच्यासारखा अक्षर न् अक्षर लिहा. तेवढ्या क्षुल्लक कारणावरूनही अर्ज परत येऊ शकतो.

नियमाप्रमाणे सात दिवसांत नोंदणी मिळते, नाकारली जाते किंवा जागेच्या तपासणीची नोटीस येते. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं आणि सरकारी माणसं त्या कामात गुंतलेली, त्यामुळे आम्ही दोन आठवडे जास्तीचे धरूनच अर्ज केला होता. प्रमाणपत्र महिनाअखेरीस आलं. तोवर रोज संध्याकाळी अर्ज क्रमांक टाकून पाहायचा आणि ‘प्रलंबित’ वाचून मोबाइल ठेवून द्यायचा. नोंदणीचा क्रमांक चौदा आकडी असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २१५ ने आणि राज्य परवान्याचा ११५ ने सुरू होतो. तो स्टॉलवर दिसेल असा लावावा लागतो. ए-फोर कागदावर मोठ्या अक्षरात छापून लॅमिनेट करा, तेलाच्या हातांनी साध्या कागदाची वाट लागते.

मेळाव्याची आणखी एक अट सिलिंडरची. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर विक्रीच्या कामाला वापरता येत नाही. आयोजकांनी व्यावसायिक सिलिंडर आणून त्याचे स्टॉलमागे २०० रुपये घेतले, आग विझवायचं उपकरणही त्यांचंच. ही सोय नसेल तर आधीच विचारून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते.

कांद्याचं गणित डिसेंबरात अवघड होतं. मार्च ते मेमध्ये निघालेला उन्हाळ कांदा चाळीतून (कांदा साठवायच्या हवेशीर कोठारातून) बाहेर येतो तो दिवाळीच्या सुमारास संपत आलेला असतो, आणि खरिपाचा नवा लाल कांदा बाजारात आलेला असतो. रिंगांना उन्हाळ कांदा सर्वांत चांगला. पाणी कमी, पाती जाड. लाल कांदा ओला, पातळ पातीचा आणि कापताना पाणी सोडणारा. त्यात नोव्हेंबरापासून भाव साठ-सत्तरच्या घरात. आम्ही ६० रुपये किलोने सात किलो लाल कांदा घेतला, मोठा निवडून. गोल्टी म्हणजे बारका कांदा स्वस्त पडतो, पण त्याच्या रिंगा अंगठीएवढ्या होतात. घेताना मान दाबून पाहा. मान बारीक आणि सुकलेली हवी, डेंगळ्याची (फुलाचा दांडा आलेल्या कांद्याची) जाड पोकळ मान नको. दुभाळका कांदा कापला की एका चकतीत दोन गाभे निघतात आणि एकही रिंग गोल सुटत नाही. कांदा चपटा असेल तर हे बऱ्याचदा वरूनच लक्षात येतं.

चकत्या आठ ते दहा मिलिमीटरच्या. त्याहून पातळ कापल्या तर आवरणातच वाफवून नाहीशा होतात, जाड कापल्या तर चावताना आख्खी पात ओढून बाहेर येते आणि हातात पोकळ नळी राहते. मधल्या पाच चकत्यांतल्या बाहेरच्या तीन-चार पाती रिंगांसाठी, आतले गाभे भाजीला. मग येतं ते सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम. प्रत्येक पातीच्या आतल्या अंगाला पारदर्शक, निसरडा पापुद्रा असतो. बोटाच्या कडेने एक टोक सोडवलं की तो बराचसा सलग निघतो, ओल्या फुग्याच्या रबरासारखा. तो राहिला की पीठ कांद्याला नाही, पापुद्र्याला चिकटतं आणि तेलात पापुद्रा सुटला की आवरणही सुटतं. साडेतीनशेहून जास्त रिंगांचे पापुद्रे काढायला तिघींचे दोन तास गेले. हे काम आदल्या रात्री करता येतं.

कांद्याला मीठ अजिबात लावायचं नाही. खेकडा भज्यात मीठ लावून सुटलेल्या पाण्यातच बेसन कालवतो, इथे नेमकं तेच पाणी नको असतं. लाल कांद्याच्या रिंगा फडक्यावर पसरून, न झाकता, तासभर फ्रिजमध्ये ठेवल्या. हाताला कोरड्या लागल्या पाहिजेत. पिठात बुडवण्याआधी सत्त्वात हलक्या घोळवायच्या आणि झटकायच्या. यासाठी अर्धा किलोला दोन चमचे सत्त्व वेगळं धरा. घरचं पुरणार नव्हतं म्हणून अर्धा किलो सत्त्व विकत आणलं, १६० रुपयांना.

तळणी दोन टप्प्यांत. दीड लिटर शेंगदाणा तेल, १६५ अंश, एका वेळी चार-पाच रिंगा, दोन मिनिटं. या टप्प्यात रंग येऊ द्यायचा नाही, फक्त आवरण बसवायचं. रिंग काडीवर घेऊन जादा पीठ निथळू द्यायचं आणि तेलाच्या अगदी जवळून सोडायची. वरून टाकली तर कढईच्या तळाला चिकटते. कढई भरली की तेल वीस अंशांनी सहज उतरतं, आणि उतरलेल्या तेलात रिंगा तळल्या जात नाहीत, तेल पितात. दुसऱ्यांदा १८५ अंशांना चाळीस-पन्नास सेकंद, फिकट सोनेरी होईपर्यंत. त्यापुढे तपकिरी करू नका. बटाट्याचे पदार्थ गडद तळले की अ‍ॅक्रिलामाइड हे अपायकारक मानलं जाणारं रसायन वाढतं, शिवाय चवही कडवट होते. तापमापक नसेल तर पिठाचा थेंब टाका. तळाला जाऊन दोन-तीन मोजेपर्यंत वर आला तर पहिल्या तळणीचं तेल, टाकताक्षणी वर येऊन तडतडला तर दुसऱ्या. तरीही सांगते, चारशे-पाचशे रुपयांचा तापमापक घ्या. थंडीतल्या उघड्या मैदानावर वाऱ्याने आच हलते आणि अंदाज रोजचा राहत नाही.

काढलेल्या रिंगा जाळीवर ठेवायच्या, कागदावर नाही. कागदावर खालची वाफ कोंडते आणि ती बाजू मिनिटाभरात मऊ पडते. डब्यात झाकून ठेवल्या तर संपलंच.

काही बिघडलं तर लक्षणावरून कारण ओळखता येतं. आवरण बाहीसारखं निसटलं तर पापुद्रा राहिला किंवा रिंग ओली होती. जागोजागी फुटून कांदा बाहेर आला तर पीठ घट्ट, आतल्या वाफेला वाट नाही. वरून लाल आणि चावल्यावर पिठूळ लागलं तर पहिल्या तळणीचं तेल जास्त तापलेलं. जाळीसारखे तुकडे तेलात तरंगायला लागले तर पीठ पातळ. हे तुकडे प्रत्येक घाण्यानंतर बारीक गाळणीने काढा, तेल लवकर काळं होतं ते त्यांच्यामुळेच.

मेळाव्याच्या दिवशी पहिली तळणी दुपारी साडेतीननंतर घरी केली आणि पाच वाजता स्टॉलवर दुसरी सुरू केली. एकदा तळलेल्या रिंगा जाळीवर तासभर उत्तम राहतात, दोन तासांनंतर कांद्याचं पाणी आवरणात उतरायला लागतं. म्हणून पीठही एकदम कालवलं नाही. दोन किलो कांद्याचं एका वेळी, तीनदा. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवलं होतं, तरी शेवटाकडे ते घट्ट होत जातं. किसाचं पीठ पाणी पीतच राहतं. चमचाभर गार पाण्याने ते पुन्हा ताळ्यावर येतं.

सहा रिंगांची ताटली ६० रुपये, साठ ताटल्या गेल्या. खर्च असा: बटाटे २१०, कांदे ४२०, विकतचं सत्त्व १६०, तांदळाची पिठी ५०, तीन लिटर तेल ५७०, सिलिंडरचे २००, ताटल्या आणि कागद १००, नोंदणी १००, स्टॉलचं भाडं ५००. एकूण २,३१० रुपये, म्हणजे ताटलीमागे ३८ रुपये ५० पैसे. तिघींची मेहनत आणि घरचा गॅस यात धरलेला नाही. धरला तर चित्र फारसं रंगतदार दिसत नाही. तेलाचा आकडा चावतो, पण तिथे काटकसर करायची नाही.

उरलेलं तेल गाळून पुढच्या वेळेला ठेवायचा मोह होतो. १ जुलै २०१८ पासून, तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापल्याने तयार होणारी संयुगं) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यासाठी वापरता येत नाही, असा एफएसएसएआयचा नियम आहे. घरी एवढं मोजणं होत नाही, पण तेलाला फेस येऊन तो विरत नसेल, किंवा नेहमीच्या आचेवर धूर निघत असेल तर ते गेलं असं समजा. मोरीत ओतू नका, वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या संस्था आहेत. दोन वेळा तळलेलं आमचं तेल आम्ही कॅनमध्ये भरून त्यांच्याकडे दिलं.

आमच्या वेळी, २०२४ मध्ये, नोंदणीचं नूतनीकरण मुदत संपण्याआधी करायचं असायचं, मागाहून केलं तर दंड बसायचा. प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख असेल तर ती मोबाइलमध्ये महिनाभर आधीची टाकून ठेवा. किसाचं पीठ डब्यात सत्तर ग्रॅमच्या आसपास उरलं, म्हणजे आणखी एका घाण्यापुरतं. पण चाळीतला जुना कांदा संपला आहे, त्यामुळे आता पुढचा प्रयोग उन्हाळ कांदा आल्यावरच.